गैर काही नाही

निरीक्षकसाहेबांनी परदेशात जाऊन काय खावं, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत निकालात निघाला. वास्तविक सभा गच्चीवरच्या टाकीच्या गळतीसाठी बोलावली होती. पण टाकी काय, गेली चार वर्षं गळतेच आहे. साहेब आणि वहिनी मात्र पुढच्याच आठवड्यात महिनाभरासाठी लेकीकडे निघाले होते. तेव्हा टाकी पुढच्या सभेवर ढकलून सगळे साहेबांच्या पोटाकडे वळले.

सेक्रेटरींनी आपला अनुभव मांडला. ते एकदा दहा दिवसांच्या सहलीला जाऊन आले होते आणि दहाही दिवस घरून नेलेले डबेच खाऊन राहिले होते. "डोळ्यांनी सगळं पाहिलं हो, पण जीभ घरीच राहिली," ते म्हणाले. "तुम्ही ती चूक करू नका. तिकडचं खा, तिकडचं प्या." यावर तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, नुसतं खाऊन येऊन काय उपयोग, चव सांगून कळत नसते, ती आणावी लागते. सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या, कारण चव बाटलीत भरण्याचा अनुभव त्या इमारतीत फक्त त्यांनाच होता.

साहेब एकतीस वर्षं अन्नतपासणी खात्यात निरीक्षक होते. दुकानात जायचं, भांडं तळापासून ढवळायचं, नमुना घ्यायचा, बाटलीत भरायचा, दोरा बांधायचा, चिठ्ठी लावायची, दुकानदाराची सही घ्यायची. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि या तीन महिन्यांत त्यांना कोणी बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. त्यामुळे सोसायटीने एकमुखाने "साहेब, हे काम तुमच्याशिवाय होणार नाही" म्हटल्यावर ते जरा ताठ बसले आणि म्हणाले, "माझ्याकडे बारा बाटल्या आहेत." या बाटल्या खात्यातून आल्या असतील अशी शंका कोणाला येऊ नये म्हणून सांगतो, त्या त्यांनी बाजारातून आणल्या होत्या आणि पावती कपाटात जपून ठेवली होती. साहेब तसे होते.

अशा माणसाच्या जिभेचं एकतीस वर्षांत काय होतं, हे वहिनींना विचारावं. साहेबांची नोकरी आणि लग्न एकाच वर्षी लागलं. तेव्हापासून रोज पानावर बसलं की साहेब आमटी तळापासून ढवळत, चमचा उजेडाकडे धरत, वास घेत आणि मग घास घेत. जेवण झालं की हात धुता धुता म्हणत, "गैर काही नाही." खात्यात याच्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नव्हतं. हे तीन शब्द ऐकायला दुकानदारांचे कान आसुसलेले असत. पण वहिनींचं काही दुकान नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात कचेरीतल्या एका बाईंनी वहिनींना सहज विचारलं, "साहेबांना काय आवडतं हो खायला?" वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीतच नाही. हे त्यांना फार लागलं. घरी येताना बसमध्ये त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या परदेशाची तिकिटं हातात आल्यावर.

"मला तिकडचे डोंगर नकोत, देखावे नकोत," त्या म्हणाल्या. "या महिन्यात मला एवढंच कळू दे, की तुम्हाला काय आवडतं. एक पदार्थ. कुठलाही. माझ्या हातचा नसला तरी चालेल."

साहेब "बघू" म्हणाले. आतून मात्र ते घाबरले. आपल्याला काय आवडतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि या वयात ते कोणाला विचारायची सोय नव्हती.

प्रवासाची सुरुवात साहेबांच्या मते अपमानास्पद झाली. विमानतळावरच्या तपासणीत बॅगेतून बारा रिकाम्या बाटल्या निघाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर "नमुना क्रमांक" आणि पुढे मोकळी जागा. तपासणीवरच्या तरुणाने बाटल्या पाहिल्या, साहेबांचं वय पाहिलं, आणि अगदी मायेने आवाज खाली आणून सांगितलं, "आजोबा, डावीकडे शेवटचं दार. घाई नाही, सावकाश या." साहेबांना अर्थ लागायला अर्धं मिनिट लागलं. वहिनी मात्र तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या होत्या. आजोबा म्हटल्याचं साहेबांनी एकवेळ सहन केलं असतं. पण आपल्या शास्त्राची अशी किंमत व्हावी, हे त्यांना विमान उतरेपर्यंत सलत राहिलं.

लेक एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायची. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, स्वयंपाकघर एवढं अरुंद की फ्रीजचं दार उघडायचं तर आतल्या माणसाने आधी बाहेर यावं लागे. सकाळी ती कामावर गेली की साहेब आणि वहिनी बाहेर पडत. भाषा येत नव्हती, पण बोट दाखवून खायला भाषा लागत नाही. साहेब बोट दाखवत, वहिनी मनसोक्त खात, साहेब चाखत आणि राहिलेलं बाटलीत भरत. शेजाऱ्यांसाठी एका पदार्थाची एक बाटली, असा हिशेब होता. संध्याकाळी चिठ्ठ्या लिहून व्हायच्या. काळ्या पावाच्या चुऱ्याच्या बाटलीवर लिहिलं होतं, "जड आहे. पडल्यास आवाज होतो. गैर काही नाही." पांढऱ्या, आंबूस पेयावर, "आंबलेलं. हेतुपुरस्सर असावं. गैर काही नाही." एका चीजवर, "वास येतो. दुकानदारास तो मान्य आहे. गैर काही नाही."

वहिनी रोज चिठ्ठ्या वाचत आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून देत.

चौथ्या क्रमांकाच्या बाटलीत कसल्याशा मुळांचं फसफसणारं पेय होतं. साहेबांनी बूच नियमाप्रमाणे घट्ट बसवलं आणि त्यावर दोरा बांधला. तीन दिवस ती बाटली गप्प होती. चौथ्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या चष्म्यावर थेंब होते. "बाबा," ती शांतपणे म्हणाली, "चार नंबर फुटला. माझ्या डब्यात त्याचं बूच आहे आणि कामावर न्यायच्या कागदांवर बाकीचा तो आहे." साहेबांनी चष्मा लावून जागेची पाहणी केली आणि वहीत नोंद केली, "क्र. ४ : जिवंत होता." लेकीने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच सांगितलं, की माझी एकतीस वर्षं झाली, तुझे तर नऊच दिवस झालेत.

त्याच दिवशी दोघं झाकलेल्या मंडईत गेली. वरती पत्रे, खाली दगडी फरशी, मधल्या गल्लीत खाण्याचे ठेले. अगदी टोकाला एक म्हातारी मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत बसली होती. रंग मातकट, वर कसलातरी हिरवा पाला, चवीला काय असेल याचा अंदाज येऊ नये असं ते रूप होतं. ठेल्यापुढच्या बाकावर हमाल, टपालवाला आणि शाळेतली एक शिक्षिका खाली माना घालून ओरपत होते. साहेबांनी एक वाडगा घेतला. ढवळला, उजेडाकडे धरला, हुंगला, चमचा तोंडात घातला.

मग त्यांनी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेताना ढवळायचं विसरले.

वहिनी पोट भरलंय म्हणून शेजारी नुसत्याच बसल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. रानातलं पाखरू अंगणात उतरलं की त्याच्याकडे बघायचं नसतं. वाडगा रिकामा झाला. साहेबांनी रुमालाने मिशी पुसली, घसा साफ केला आणि पिशवीतून बाटल्या काढल्या. दहा, अकरा आणि बारा, तिन्ही.

"एका पदार्थाची एक बाटली ना?" वहिनींनी विचारलं.

"रीतसर नमुना तीन भागांत घेतात," साहेब म्हणाले. "नियम आहे."

नियम होताच. पण आधीच्या नऊ पदार्थांना तो लागला नव्हता, आणि साहेब हे बोलताना वहिनींकडे बघत नव्हते. खरी गोष्ट अशी, की एक बाटली सोसायटीची आणि दोन आपल्या, असं त्यांच्या मनात होतं. पण मनातलं मनात ठेवायची त्यांना सवय होती, आणि हातांना खात्याची. हातांनी पातेलं तळापासून ढवळलं, तीन बाटल्या भरल्या, बुचं लावली, दोरे बांधले, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हातारीपुढे सहीसाठी पेन धरलं.

म्हातारीने साहेबांकडे पाहिलं. बाटल्यांकडे पाहिलं. तिने सावकाश तिन्ही चिठ्ठ्यांवर सही केली, शेगडी विझवली, ॲप्रन काढून त्याची घडी घातली आणि हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसून राहिली.

"अहो, पातेलं तर अर्धं भरलेलं आहे," वहिनी म्हणाल्या.

"त्यांची वेळ संपली असेल," साहेब म्हणाले.

शेजारच्या मासेवाल्याने घाईने टोपल्यांवर फडकी टाकली. पलीकडच्या लोणीवाल्याने टोपी सरळ केली. कुठूनतरी मंडईचा मुकादम धावत आला, साहेबांपुढे वाकला आणि त्याने एक खुर्ची आणून ठेवली. गादीची. साहेब बसले. तीन महिन्यांनी कोणीतरी खुर्ची दिली होती; का दिली, हे विचारण्याचा मोह त्यांनी टाळला. परदेशी लोक पाहुण्यांशी किती अदबीने वागतात, असं ते घरी जाताना वहिनींना दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेकीने अर्धा दिवस रजा काढली. साहेब सकाळपासून "मंडईकडे जाऊ या का, पडताळणी करायला" असं तीनदा म्हणाले होते, आणि वहिनींनी तिन्ही वेळा मनात मोजलं होतं. मंडईत पोचले तर टोकाचा ठेला बंद. पातेलं पालथं, शेगडी गार, आडवी फीत लावलेली आणि वर एक कागद. बाकासमोर टपालवाला आणि शिक्षिका घरी कुणी वारल्यासारखे चेहरे करून उभे होते.

लेकीने कागद वाचला. मग मुकादमाशी बोलली. मग वडिलांकडे वळली.

"बाबा, तुम्ही काल इथे काय केलंत?"

प्रकार असा होता, की तिथला नियमही तोच. ठेल्यावर दोरा बांधून, सही घेऊन तीन बाटल्या भरल्या, की तो सरकारी नमुना, आणि अहवाल येईपर्यंत ठेला बंद. साहेबांनी भाषेचा एक शब्द न बोलता इतकं चोख काम केलं होतं, की कोणाला ओळखपत्र विचारायचं सुचलं नाही. साहेबांचा चेहरा उतरला. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ दुकानं बंद केली होती, पण स्वच्छ दुकान एकही नाही. ती त्यांच्या आयुष्याची एकच श्रीमंती होती.

"चला," ते म्हणाले. "कचेरी कुठे आहे?"

कचेरी मंडईमागेच होती. आत शिरल्यावर साहेबांना भरून आलं. तेच हिरवट कपाट, त्याचं तेच न लागणारं दार, त्याला लावलेली कागदाची तीच घडी. टेबलामागे त्यांच्याच वयाचे एक अधिकारी बसले होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. भिंतीशी बाकावर म्हातारी हात मांडीवर ठेवून बसली होती. ती सकाळपासून तशीच बसली आहे, असं मुकादमाने सांगितलं.

लेक दुभाषी झाली. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, अहवालाशिवाय ठेला उघडता येत नाही. अहवालासाठी नमुना लागतो. नमुना आहे, पण तो एक रात्र खाजगी फ्रीजमध्ये, एका फुटलेल्या बाटलीच्या शेजारी राहिला, म्हणून तो बाद. नमुना बाद म्हणून अहवाल नाही. अहवाल नाही म्हणून ठेला बंद.

"किती दिवस?" लेकीने विचारलं.

अधिकाऱ्यांनी विचार केला. नियमात याला शेवट नव्हता.

साहेबांनी मान डोलावली. नियम इतका घट्ट विणलेला होता, की दुसऱ्या कुठल्या प्रसंगी त्यांनी दाद दिली असती. आज आपलेच दात आणि आपलेच ओठ झाले होते.

एक वाट होती. ज्याने नमुना घेतला, त्याने लिहून द्यायचं, की हा नमुना नव्हताच. त्यासाठी एक अर्ज होता. त्यात एक रकाना होता, पदार्थ घेण्याचं कारण. तुमच्या भाषेत लिहा, मुलगी खाली भाषांतर करेल, असं अधिकारी म्हणाले.

साहेबांनी पेन उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "पदार्थ तपासला. गैर काही नाही." लेकीने भाषांतर सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली. तपासला म्हणजे तपासणी झाली. तपासणी झाली म्हणजे नमुना होता. त्यांनी दुसरा अर्ज दिला.

साहेबांनी लिहिलं, "सोसायटीतील सभासदांस दाखवण्याकरिता." अधिकाऱ्यांनी पुन्हा मान हलवली. म्हणजे वाटपासाठी नेलं. त्याला वेगळा परवाना लागतो, आणि तो तळमजल्यावर मिळतो, मंगळवारी. त्यांनी तिसरा अर्ज दिला आणि लेकीला काहीतरी विचारलं.

"बाबा, ते विचारतायत, बाकी सगळ्यांची एकेक बाटली, मग या बाईंच्याच तीन का?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. समोर म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि हे फार वाईट होतं. अशा नजरेने साहेबांकडे बघणारं माणूस आणखी एकच होतं आणि ते त्यांच्या उजव्या हाताला बसलं होतं. साहेबांना एकदम घाम फुटला. एवढा घाम त्यांना भेसळीच्या खटल्यात उलटतपासणीला उभं राहतानाही कधी फुटला नव्हता. रकाना लहान होता. त्यांनी त्यात एकच शब्द लिहिला आणि कागद लेकीकडे सरकवला.

लेकीने वाचला.

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"थांब आई, आधी त्यांना सांगते."

तिने भाषांतर सांगितलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि साहेबांकडे बराच वेळ पाहिलं. एका निरीक्षकाला असा शब्द लिहिणं किती जड जातं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी शिक्का उचलला, पण मारला नाही. खाली साक्षीदाराची सही हवी होती, आणि साक्षीदार रक्ताच्या नात्यातला चालत नव्हता. लेक बाद. मुकादम मंडईचा माणूस म्हणून बाद. म्हातारीचा तर मामलाच होता. अधिकाऱ्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं. बायकोचं नातं काही रक्ताचं नसतं.

वहिनींच्या हातात पेन आलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"काय लिहिलंय ते वाच," त्या लेकीला म्हणाल्या. "तपासल्याशिवाय सही करायची नसते. घरात राहून एवढं शिकले मी."

"पदार्थ घेण्याचं कारण," लेकीने वाचलं. "आवडलं."

"पुन्हा वाच."

"आवडलं."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पलीकडच्या घराची भिंत होती. वहिनींनी सही केली, पूर्ण नावानिशी, तारीख घालून. मग त्या लेकीला म्हणाल्या, "त्यांना विचार, याची एक प्रत मिळेल का? दुकानदाराला देतात तशी." अधिकारी उठले, स्वतः प्रत काढून आणली आणि दोन्ही हातांनी वहिनींना दिली. वहिनींनी घडी घालून ती पर्समध्ये पासपोर्टशेजारी ठेवली.

तिन्ही बाटल्या कचेरीत जमा झाल्या. बाकीच्या आठ लेकीने त्याच दिवशी मोरीत ओतल्या आणि फ्रीज सोड्याने धुऊन काढला. सोसायटीच्या जिभा त्यामुळे उपाशी राहिल्या, आणि दातांचे डॉक्टर साहेबांशी पुढे कितीतरी दिवस मोजकंच बोलत. पण तो नंतरचा भाग.

दुपारी दोनला ठेला उघडला. टपालवाला आणि शिक्षिका पहिल्या रांगेत होते. साहेबांनी म्हातारीपुढे हात जोडले. तिने त्यांच्या हातांवर पळी आपटली, अगदी हलके, आणि तीन वाडगे भरले. साहेबांनी आपला वाडगा घेतला नाही. ते वहिनींकडे बघत बसले. काल वहिनींनी हा रस्सा चाखला नव्हता. तो त्यांना कसा लागतो, हे कळेपर्यंत साहेबांना चैन पडेना. एकतीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी असंच उभं असायचं, हे आता त्यांना आठवलं, आणि आठवल्यावर बाकावर नीट बसवेना.

वहिनींनी वाडगा हातात घेतला. तळापासून ढवळला. चमचा पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे धरला, हुंगला, तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चव घेतली.

"कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"गैर काही नाही," वहिनी म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा पडला. आपण काही रांधलेलं नाही, पातेलं आपलं नाही, तरी त्यांना हे लागलं, आणि कुठे लागलं तेही कळलं. एवढ्याशा तीन शब्दांत इतकं मावत असेल, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"एवढंच?" ते म्हणाले.

"सध्या एवढंच," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं एकतीस वर्षांनी सांगेन." आणि रिकामा झालेला वाडगा त्यांनी पुन्हा म्हातारीपुढे धरला.